बंगाली कादंबरी वाचणाऱ्या बाई

चिरगाँवहून झाशीला कामावर जाताना बसमध्ये एक चाळिशीच्या बाई रोज माझ्या शेजारी बसत. हातात एका जुन्या बंगाली कादंबरीचा हिंदी अनुवाद असे, त्यांना एम.ए.ला ती नेमलेली होती. समासात पेन्सिलीच्या खुणा दिसत. मी मोजल्या, सात भरल्या. एकदा त्या खुणांबद्दल विचारलंच, तर त्या नायिकेविषयी सांगू लागल्या.

"इसे पति ने परदे से निकाला, नेता ने देश के नाम पर देवी बनाया. जहाँ इसने खुद फैसला किया, निशान बस वहीं है."

"गलत फैसले पर भी?"

"भाईसाहब, बदली तो वह उसी से!"

पेपरच्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या. हातांना हळद होती. धाकट्या दिराचं लग्न होतं, आणि तिकडच्या रीतीने वरात निघण्यापूर्वी नवरदेवाला काजळ भावजयच घालते. फोनवर सासूबाईंचा आवाज मलाही ऐकू आला, "दूल्हा बिना काजल घोड़ी चढ़ेगा क्या?"

"काजल मैं ही लगाऊँगी अम्माजी, लौटकर. बारात मेरे लिए रुक जाएगी, पेपर नहीं रुकेगा."

फोन बंद करून त्यांनी पदर खोचला आणि कॉलेजपाशी सगळ्यांच्या आधी उतरल्या.