घाटगाडी शेवटी

वडील महाडच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खिडकीमागे बसून गाड्यांच्या नोंदी घ्यायच्या आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. घरात ते फार बोलत नसत; बोलले की घोषणा केल्यासारखं बोलत. माझ्या धाकट्या भावाला मुंबईतलं मोठं करमणूक उद्यान दाखवायचं, हा निर्णयही त्यांनी जेवताना असाच जाहीर केला.

"मे महिन्यात. दोन दिवस. जास्तीत जास्त खेळ, कमीत कमी चालणं."

'कमीत कमी चालणं' कशासाठी, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ नऊ वर्षांचा होता आणि त्याचे पाय जात होते.

सुरुवातीला ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो चवड्यांवर चालायचा, वरचेवर पडायचा, आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर यायचा. पोटऱ्या मात्र भरदार होत्या. वडिलांचं मूळ घर उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीत. तिथे गेलं की बायका त्याच्या पोटऱ्या दाबून बघत आणि कौतुक करत. काका, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, पाचाडला राहून रायगडावर डोली उचलायचा. बांबूला टांगलेल्या झोळीत प्रवासी बसवायचा आणि तो खांद्यावरून गडावर न्यायचा, हे त्याचं हंगामातलं काम. तो म्हणायचा, "ह्या पोटऱ्या बघ रे दादा. डोलीचा पुढचा खांदा ह्याचाच."

मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच पोटऱ्या दाबल्या आणि भावाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. स्नायूंचा आजार आहे, पोटऱ्या भरदार दिसतात त्याही त्यामुळेच; वाढत जाणारा आहे, औषध नाही. बारा वर्षांचा होईपर्यंत चालणं थांबेल. त्यानंतर काय होईल तेही त्यांनी सांगितलं. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, तोवर काय करायचं. डॉक्टर म्हणाले, त्याला जे बघायचं असेल ते दाखवा.

त्याला एकच गोष्ट बघायची होती. शाळेची सहल त्या उद्यानात जाऊन आली होती; हा वाटेत पडेल म्हणून त्याला नेलं नव्हतं. वर्गातल्या एकाने आणलेल्या फोटोत एक रुळावरची गाडी होती, वर चढणारी, कलंडणारी, एका जागी पूर्ण उलटी होणारी. कशेडीचा घाट कुणी मुठीत चुरगळून उभा करावा तशी तिची वाट दिसत होती. फोटोवर इंग्रजी नाव होतं. भावाने तिला 'घाटगाडी' म्हटलं आणि घरात तेच नाव चालू झालं.

वडिलांनी आखणी केली ती त्यांना येत असलेल्या पद्धतीने. शाळांच्या सहली प्रासंगिक कराराच्या गाड्यांनी जात, म्हणजे शाळेने भाड्याने घेतलेल्या एस.टी.ने. त्या गाड्या नेणारे ड्रायव्हर दुपारी स्टँडच्या विश्रांतिगृहात आडवे झालेले असत. वडील एकेकाला चहा पाजून माहिती काढत. दरवाजा कुठे, सावली कुठे, बाकडी कुठे, पाणी कुठे, कुठल्या खेळाशी गर्दी जास्त. दोघांनी सांगितलेलं जुळलं तरच ते धरायचं, हा त्यांचा नियम.

"माणूस पहिल्या दारातच गर्दी करतो," ते आईला म्हणाले. "आपण आत शिरलो की थेट शेवटच्या टोकाला जायचं आणि उलटं येत राहायचं. सगळे तिकडे पोचतील तेव्हा आपण दाराशी असू."

"आणि घाटगाडी?" भावाने विचारलं.

"शेवटी. आधी लहान वळणं, मग मोठी. एकदम घाट दिला की माणूस ओकतो. आणि घाटाच्या आधी खायचं नाही. पोट रिकामं ठेवायचं."

यात वावगं कुणालाच वाटलं नाही. महाड-पोलादपूरकडची मुलं घाटातच मोठी होतात. वरंधकडून भोरला जायचं असो नाहीतर कशेडी ओलांडून खेडला, निघण्याआधी आया मुलांना जेवायला देत नाहीत आणि हातात लिंबू देतात.

काकाला सोबत घ्यायचं ठरलं. गडावर रोपवे सुरू झाल्यापासून डोलीचं काम घटलं होतं आणि तो मोकळा होता. निघण्याच्या आदल्या दिवशी तो महाडला आला तो बांबू आणि झोळी घेऊनच.

"दादा पुढं, मी मागं," तो म्हणाला. "पोराचा पाय जमिनीला लागणार नाय."

आईने बांबू दाराबाहेर उभा करून ठेवला. "नाही भावोजी. तुमच्या वाडीतून डोलीत बसून उतरलेलं माणूस पुन्हा चढून आलेलं मी बघितलं नाही."

"वैनी, गडावर धडधाकट माणसं बसतात. हौसेनं बसतात."

"त्यांना बसू दे."

वाडीला रस्ता नव्हता. आजारी माणूस खाली आणायचा तर डोलीतूनच, आणि आणेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. बांबू आमच्या दाराबाहेरच राहिला.

मुंबईत आम्ही गावकऱ्यांच्या खोलीवर उतरलो. वाडीतले पुरुष नोकरीसाठी येत ते या एका खोलीत दाटीने राहत. आम्ही येणार म्हणून त्यांनी वळकट्या गच्चीवर नेल्या. सकाळी निघताना त्यातला एक भावाला म्हणाला, "टेन्शन नाय घ्यायचं, हिरो. ओरडायचं जोरात. ओरडलं की भीती जाते." भाऊ म्हणाला, "मी एस.टी.तून उतरताना पण ओरडत नाही."

खाडी बोटीने ओलांडली. उद्यानाचा दरवाजा उघडताच लोक समोरच्या पहिल्या पाळण्याकडे धावले. आम्ही त्यांच्या बाजूने पुढे निघून गेलो. वडिलांचा अंदाज अचूक निघाला. शेवटच्या टोकाला कुणी नव्हतं. पहिल्या खेळात आम्ही रांगेत न थांबता बसलो, दुसऱ्यातही. वडील आईकडे बघून म्हणाले, "फलाट रिकामा." त्यांना इतकं खुशीत मी क्वचित पाहिलं असेल. सावली त्यांनी सांगितली तिथे होती. बाकडंही सांगितलं तिथेच होतं.

पायऱ्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. प्रत्येक खेळाला लोखंडी जिना होता. गाडी, होडी, पाळणा, जे काही असेल ते वर, आणि तिथे पोचायला वळणावळणाचा जिना. ड्रायव्हर उद्यानभर हिंडले होते, पण खेळात कुणी बसलं नव्हतं. मुलं वर जात, ते खाली उभे राहून बूट आणि दप्तरं सांभाळत. वडिलांनी जमिनीवरचं सगळं विचारलं होतं. जमिनीवरचं सगळं बरोबर होतं.

भाऊ दोन्ही हातांनी कठडा धरून स्वतःला वर ओढायचा. लोक त्या टोकाला पोचू लागले तशी मागे रांग खोळंबायची.

"अरे चल ना भाई, जल्दी!" मागून एक मुलगा ओरडला.

"पुढे घाट आहे," भाऊ मागे न बघता म्हणाला. "ओव्हरटेक करू नका."

मागचे हसले आणि थांबले. दुसऱ्या जिन्यावर त्याने हाच विनोद पुन्हा केला. तिसऱ्यावर केला नाही.

दुपार झाली तेव्हा आई म्हणाली, "त्याला काहीतरी खाऊ दे."

"घाटगाडीतून उतरल्यावर," वडील म्हणाले.

भाऊही म्हणाला, "उतरल्यावर." आईने पर्समधलं लिंबू काढून त्याच्या हातात दिलं.

घाटगाडीचा जिना सगळ्यांत उंच होता. भाऊ पहिल्या वळणापर्यंत चढला आणि तिथल्या पायरीवर बसला. त्याने हात मांड्यांवर टेकले. उठता आलं नाही. वडील खाली वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. त्याने नाही म्हणून मान हलवली. मग काका पुढे झाला, पाठ करून बसला आणि म्हणाला, "बस रे. ही डोली नाय. पाठ हाय नुसती." त्याने आईकडे पाहिलं. आईने नजर वळवली, पण नाही म्हणाली नाही.

काका चढू लागला तसे लोक बाजूला होऊ लागले. तो गडावर चढावा तसा चढत होता, घाई न करता, श्वास मोजून. भाऊ त्याच्या खांद्यावरून वर बघत होता. हातात लिंबू होतं.

वरच्या फलाटावर टोपी घातलेला एक तरुण उंची मोजायच्या खांबापाशी उभा होता. त्याने काकाच्या पाठीकडे पाहिलं.

"उतार दो. अपने पाँव पे खडा करो."

काकाने त्याला खांबापाशी उतरवलं. उंची पुरत होती. डोकं रेघेच्या वर होतं. भाऊने काकाच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं.

"पकडके नहीं. छोडके."

त्याने सदरा सोडला. क्षणभर उभा राहिला आणि मग गुडघ्यांतून खाली बसला. लिंबू फलाटावरून घरंगळत रुळाखाली गेलं.

तरुण आमच्याकडे वळून मराठीत बोलू लागला. त्याचा आवाज चढा नव्हता. "काका, नाही चालणार. उलटं होतं तेव्हा पाय दाबून धरावे लागतात. ज्याला चालत वर येता येत नाही त्याला बसवत नाही आम्ही."

"मी आणला ना त्याला वर!" काका म्हणाला. "अरे, गडावर आम्ही माणसं उचलूनच नेतो. चालत येतोस का म्हणून तिथं कोण विचारत नाय!"

"इथे विचारतात. लाइन थांबलीय, काका."

त्याचं चुकलं नव्हतं. पुढे बातम्यांच्या कामात अपघातांच्या चौकशीचे कागद वाचायची वेळ आली तेव्हा मला तेच वाटलं. वडील तर तिथेच ते समजून चुकले असावेत. ते स्वतः नियम सांगणाऱ्या खिडकीमागे बसणारे होते. त्यांनी वाद घातला नाही. भावाने विचारलं, "एक गाडी बघू का सुटताना?" तरुणाने आम्हाला कठड्याच्या बाजूला उभं राहू दिलं. काकाने भावाला काखेत धरून उभं केलं. गाडी भरली, दांडे खाली आले, ती चढावर लागली, वर थांबल्यासारखी झाली आणि दिसेनाशी झाली. सगळी माणसं ओरडत होती. भाऊ एकटक बघत होता.

खाली आल्यावर आईने त्याच्यासमोर खायला ठेवलं. त्याने खाल्लं.

परतीच्या बोटीत वडील म्हणाले, "उद्या घाटगाडी पहिली. सकाळी पाय ताजे असतात. पोटभर खाऊन निघायचं. आत शिरल्यावर एकही जिना चढायचा नाही, फक्त तोच. आणि तू आपल्या पायांनी चढायचं." आईने बोटीच्या फळीकडे पाहिलं. काका म्हणाला, "मी मागं राहीन. हात नाय लावणार." भाऊ "हो" म्हणाला आणि काकाच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला.

सकाळी त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या. वडिलांनी तेल गरम करून घेतलं आणि स्वतः चोळलं. पहिली बोट गेली असेल अशा वेळी ते म्हणाले, "दुसरीने जाऊ." मग म्हणाले, "दुपारी गर्दी कमी असते." स्टँडवरही ते गाडी रद्द झाल्याचं शक्य तितकं उशिरा सांगत; तोवर 'थोड्याच वेळात' म्हणत राहत. ऊन उतरलं तेव्हा गावकरी कामावरून परतू लागले. त्यातल्या एकाने दारातून विचारलं, "काय हिरो, ओरडलास का?" संध्याकाळच्या गाडीने आम्ही महाडला परतलो. बांबू दाराबाहेर होता तसाच होता. काका तो घेऊन पाचाडला गेला.

त्यानंतर दर वर्षी मे जवळ आला की वडील आखणी काढत. भाऊ अकराव्या वर्षी चालायचा थांबला, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या थोडं आधीच. तरीही ते आखत. कुठल्या बोटीने जायचं, खुर्ची कुठे ठेवायची, कुणाकुणाला बरोबर घ्यायचं. आई ऐकायची आणि आतल्या खोलीत जायची. भाऊ मात्र खिडकीपाशी खुर्चीत बसून पूर्ण ऐकायचा आणि चुका काढायचा.

एकदा तो म्हणाला, "ड्रायव्हरला घाटगाडीच्या पायऱ्या मोजून यायला सांगा."

वडिलांनी सांगितलं. सहल घेऊन गेलेल्या एका ड्रायव्हरने त्या वेळी मुलांचे बूट खाली ठेवले, जिना चढला आणि मोजला. तो आकडा त्याने वडिलांना स्टँडवर सांगितला. वडील तो घरी घेऊन आले आणि घोषणा करावी तशा आवाजात त्यांनी तो वाचून दाखवला.

"बरोबर वाटतोय," भाऊ म्हणाला. "मग घाटगाडी शेवटीच ठेवा."

वडील बरं म्हणाले. चहा प्यायले आणि संध्याकाळच्या पाळीला स्टँडवर गेले.