झाडीत जाऊन बसा

"डोक्यावर घमेलं हाये ना तुमच्या. मंग टोपी कायले पाहिजे?"

सुपरवायझर असं म्हणाला आणि सगळी साइट हसली. मिस्त्री हसले, सेंट्रिंगवाले हसले, सिमेंटची गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर, ज्याचा काडीचा संबंध नव्हता, तोही दात काढून हसला. माझा नवरा तिथेच मिस्त्री होता. त्याच्या डोक्यावर नवंकोरं पिवळं हेल्मेट. तो हसला नाही, पण खाली मान घालून थापी पुसायला लागला. थापी स्वच्छच होती.

हेल्मेटं वाटायचं काम चाललं होतं. पांढरी साहेब लोकांना, पिवळी गड्यांना. आम्ही बायका रांगेत उभ्या होतो. पेटी आमच्यापर्यंत आली आणि बंद झाली. आमची कुठे आहेत, एवढंच मी विचारलं होतं.

आता खरं सांगायचं तर हेल्मेटवर घमेलं बसत नाही. डोक्यावर आधी चुंबळ ठेवावी लागते, जुन्या लुगड्याची गोल गुंडाळी. चुंबळीवर घमेलं. घमेल्यात ओला माल, मानेत खिळा ठोकल्यासारखं वजन. असं घेऊन फळीवरून वर चढायचं. मग डोक्यावरचं घमेलं काढावं आणि माल चढवायला छोटी लिफ्ट लावावी, हे सुचायला काही फार शिकावं लागत नाही. पण इंजिनिअर झालेल्या माणसाला ते सुचलं नाही. किंवा सुचलं असेल. बायका लिफ्टपेक्षा स्वस्त पडतात.

हे काम मोहर्लीच्या रस्त्याला होतं, जंगलाला अगदी लागून. सफारीला येणाऱ्या लोकांसाठी रिसॉर्ट. 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी. खांब सिमेंटचे, पण त्यांना बांबूसारख्या गाठी पाडून हिरवा रंग दिलेला. खरा बांबू मागे शंभर पावलांवर उभा होता. भिंती सिमेंटच्याच, वरून मातीचा पातळ लेप. तो आमच्याकडून हातांनी लावून घेतला. बोटांचे ठसे राहू द्या म्हणाले, पाहुण्यांना आवडतात. माझ्या घराच्या भिंती अख्ख्या मातीच्या, तर ते कच्चं घर, मागासलेलं. यांनी सिमेंटला माती फासली की ते पर्यावरण. हसावं की थुंकावं कळत नसे. मी थुंकत असे.

गेटजवळ आणखी एक फळा होता. 'या साइटवर झालेले अपघात', आणि खाली लाल रंगाचं भलं मोठं शून्य. रोज सकाळी त्या शून्याखालून आम्ही आत जायचो.

सुरक्षित आणि पर्यावरणपूरक बांधकामाचं कसलं तरी बक्षीस असतं. ते देणारे लोक मोठ्या शहरातून तपासणीला येणार होते. साइटचा साहेब परप्रांतातला, हिंदी बोलणारा. तो आमच्याशी कधी बोलत नसे. तो सुपरवायझरशी बोले आणि सुपरवायझर आमच्याशी. तपासणीच्या सकाळी सुपरवायझर आला.

"मोठे लोक येऊन राह्यले. उघड्या डोक्याची एकही बाई दिसाले नाई पाहिजे. तुमी तिकडं झाडीत जाऊन बसा. आन् आवाज नोका करू."

ही गोष्ट नीट समजून घ्या. आमच्या भागात मूल चालायला लागलं की त्याला दोन गोष्टी शिकवतात. जंगलात बसू नको. जंगलात गप्प राहू नको. मी लग्न होऊन आले तेव्हा मोहाची फुलं वेचायला मला माझी मोठी जाऊ घेऊन गेली होती. शेवंताबाई तिचं नाव; या साइटवरही ती माझ्यासोबतच घमेली वाहायची. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "घडीघडी उठून उभी राह्य. वाकलेला माणूस वाघाले जनावरच दिसते." मोहाच्या दिवसांत आम्ही बायका घोळक्याने जातो, मोठमोठ्याने बोलतो, टोपलं भरेपर्यंत कोणी ना कोणी डबा वाजवत असते. अशाने वाघ लांबून निघून जातो. ज्या बायका एकट्या, वाकून, मुकाट्याने वेचत बसल्या, त्यांच्यातल्या काही घरी आल्या नाहीत. आमच्या प्रत्येक गावात असं एखादं घर आहे.

आणि हे शहाणे आम्हाला त्याच झाडीत पाठवत होते. बसा म्हणत होते. गप्प बसा म्हणत होते. कशासाठी, तर साइट सुरक्षित दिसावी म्हणून.

आम्ही गेलो. काम गेलं असतं. झुडपांच्या मागे पाठीला पाठ लावून बसलो, चारी बाजूंना डोळे ठेवून. तिकडून पाहुण्यांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. कोणाला खोकला आला तर पदराचा बोळा तोंडात. आमच्यात गोंड होत्या, माना जमातीच्या होत्या, कुणबी होत्या. घरी एकमेकींच्या चुलीपाशी जाताना आम्ही दहादा विचार करू, पण त्या झाडीत सगळ्या एकमेकींना चिकटून बसलो होतो.

दुसऱ्या तपासणीला पुन्हा तेच. त्या दिवशी मागच्या गवतात काहीतरी हाललं. वाघ होता की रानडुक्कर, कोणालाच दिसलं नाही. शेवंताबाई उठून पळाली. ओरडली नाही, हे मला अजून सहन होत नाही. एवढी घाबरलेली बाई, आणि सुपरवायझरने आवाज करू नका सांगितलं होतं म्हणून तोंड दाबून पळाली. पुढे कोरडा नाला होता. ती दगडांवर पडली आणि तिचा उजवा हात कोपरात मोडला.

तिला आम्ही साइटवर आणलं तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या अजून गेटमध्येच होत्या. म्हणून आम्हाला मागच्या बाजूला थांबवलं. हात लोंबत होता, आणि आम्ही गाड्या जायची वाट पाहत होतो. गाड्या गेल्यावर साहेब आला. पहिल्यांदाच तो आमच्याशी थेट बोलला.

"साइट पे नहीं गिरी है. जंगल में गिरी है. जंगल में गई क्यों थी?"

मी सुपरवायझरकडे पाहिलं. त्यानेच पाठवलं होतं. तो फळ्याकडे पाहत होता. मग मला बाजूला घेऊन, जणू मायेने, म्हणाला, "वाघानं धरलं असतं तं सरकारनं तरी पैसे देल्ले असते. हे तं नुसतीच पडली."

चंद्रपूरच्या दवाखान्यात तिला मीच घेऊन गेले. डॉक्टरने विचारलं, कुठे पडली? मी म्हणाले, कामावर. शेवंताबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं मी चुकीचं सांगते. तिला खरंच वाटत होतं की ती जंगलात पडली, म्हणजे दोष तिचा. साहेबाचं एक वाक्य तिच्या हाडापेक्षा खोल गेलं होतं. माझ्या डोक्यात काही पेटलं असेल तर ते तिथे, दवाखान्याच्या बाकावर. त्याआधी मला नुसता राग यायचा. राग सगळ्यांनाच येतो.

मी कामावर जात राहिले. फळ्यावर शून्यच होतं. कोणीतरी त्याला नवा लाल रंग दिला होता.

मग बक्षीस द्यायचा दिवस आला. मांडव घातला, खुर्च्यांना पांढरी कापडं बांधली. सुपरवायझर आला आणि हाताने नुसती खूण केली, तिकडं. आता बोलायचीही गरज उरली नव्हती. कुत्र्याला करतात तशी खूण.

बायका उठल्या. मीही उठले. पण झाडीकडे वळले नाही. रिकामं घमेलं डाव्या हातात धरलं, सळीचा एक तुकडा उजव्या हातात घेतला, आणि वाजवायला लागले. मोहाच्या दिवसांत वाजवतो तसंच. मांडवाकडे चालायला लागले, ताठ मानेने. मागे कोणी येईल की नाही हे मला माहीत नव्हतं. मग मागून दुसरं घमेलं वाजलं. मग सगळी. लोखंडाचा तो आवाज असा होता की खुर्च्यांतली माणसं उठून उभी राहिली.

आणि त्यांनी काय केलं? मोबाइल काढले. टाळ्या वाजवायला लागले. तालावर. एक मॅडम पुढे आली, गळ्यात आमच्याकडची म्हणून विकतात, पण आमच्यातली एकही बाई घालत नाही असली माळ. साहेबाला विचारलं, हे काय आहे, किती सुंदर. साहेब घामाघूम झालेला, पण असल्या लोकांची जीभ कधी अडत नाही. म्हणाला, "ट्राइबल वेलकम है, मॅडम."

मी वाजवणं थांबवलं. मागच्याही थांबल्या.

"हा नाच नाई," मी म्हणाले. "वाघ हाकलाले वाजवतो आमी हे."

कोणीतरी हसलं. मग हसायचं थांबलं. मी मॅडमला सांगितलं, ही भिंत आम्ही लिंपली, हा स्लॅब आमच्या डोक्यांवरून वर गेला, आणि तुम्ही येता तेव्हा आम्हाला झाडीत बसवतात. शेवंताबाईचा हात तिथेच मोडला. मॅडमने साहेबाकडे पाहिलं, साहेबाने सुपरवायझरकडे, सुपरवायझरने जमिनीकडे. मग मी गेटपाशी गेले. चुन्याच्या बादलीत हात बुडवला, शून्यावर फिरवला, आणि बोटाने तिथे एक आकडा काढला. एक.

मला त्याच दिवशी काढलं. बक्षीस त्यांना मिळालंच. मिळणारच होतं, खुर्च्यांना कापडं बांधून झाली होती. पेपरात फोटो आला, आम्ही सगळ्या घमेली घेऊन, आणि खाली छापलेलं, पाहुण्यांचे पारंपरिक स्वागत. फळा दुसऱ्या दिवशी पुसला म्हणे. नवरा घरी येऊन म्हणाला, "मले आधी सांगतलं असतं तं." सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं, ते तो आजवर बोललेला नाही.

शेवंताबाईचा हात वाकडाच जुळला. भाकरी डाव्या हाताने थापते. मी तिला फळ्याचं सांगितलं तेव्हा तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग तिने एवढंच विचारलं, "मोठा काढला का एक?"

"शून्याएवढा," मी म्हणाले.

आता आमच्या गावातून बायका कुठल्याही साइटवर जायच्या असल्या की आधी मी जाते. ठेकेदाराला विचारते, बायकांची हेल्मेटं कुठे, माल चढवायची लिफ्ट कुठे, पडलेली बाई फळ्यावर लिहिणार का. तो हसतो. मग आम्ही परत येतो आणि तो स्लॅबच्या दिवशी बायका शोधत गावोगाव फिरतो. काही बायका जातातही. त्यांना मी बोल लावत नाही, घरी पोरं आहेत. पण मी जात नाही.

माझं उघडं डोकं तुमच्या पाहुण्यांना दिसू नये असं वाटत असेल, तर त्यावर हेल्मेट घाला. झाडीत मी बसणार नाही. पुन्हा कोणी तिकडे बोट दाखवलं, तर मी उभी राहीन आणि वाजवीन. आणि त्या वेळी तो नाच समजायला कोणाला वेळ देणार नाही.