शेजारणीसाठी पिठलं-भात

सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये मुलाकडे राहायला निघाले तेव्हा सगळ्यांनी बजावलं होतं, तिथे तुला कुणी बोलायला मिळणार नाही. मिळालं की! समोरच्या दारातली चिनी म्हातारी. तिला मराठी येत नाही, मला तिची मँडरिन येत नाही आणि इंग्रजीच्या नावानं दोघींचीही बोंब. पण संध्याकाळी तिच्याकडे मालिका लागायची आणि मी हक्कानं जाऊन बसायचे. सून म्हणाली, ही मालिका सिंगापूर, मलेशिया आणि तैवान यांनी मिळून काढली आहे. असेना का! थोरली सून गरीब, दीर पाताळयंत्री, एवढं कळायला भाषा कशाला लागते? दीर दिसला की मी "मेल्या!" म्हणायचे, तीही काहीतरी म्हणायची. तेही तेच असणार, मला खात्री आहे.

मग एकाएकी तिचं दार बंद झालं. आठवडा होत आला तरी दाराबाहेर तिच्या चपला नाहीत. मुलगा म्हणाला, "आई, लेकीकडे गेली असेल गं, वुडलँड्सला." मला काही चैन पडेना. मागे एकदा माझ्यासमोरच छातीवर हात ठेवून मटकन खाली बसली होती ती.

एका सकाळी भाजीला म्हणून खाली उतरले, तर आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पांढरा मांडव. इथे कुणी गेलं की तिथेच मांडव घालतात, हे मला एव्हाना माहीत होतं. गोल टेबलं, उदबत्त्या आणि मधोमध फोटो. माझ्या शेजारणीचा. तेच मिस्कील हसू.

तशीच वर आले आणि रडत रडत डाळीचं पीठ कालवायला घेतलं. सून मीटिंगमध्ये, कानाला हेडफोन. तिला काही सांगत बसले नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पिठलं-भात शेजाऱ्यांनीच न्यायचा. चिनी झाली म्हणून काय तिच्या माणसांना भूक लागत नाही?

मांडवात मोठ्यानं रडणं चाललं होतं. सगळ्यांत जास्त रडतेय ती लेक असणार, असं धरून मी सरळ तिच्यापुढे गेले. पातेलं तिच्या हातात दिलं, डोक्यावरून हात फिरवला. "खाऊन घे बाळा," म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मीही तिच्याकडे. अगं बाई, ही तर थोरली सून! आणि तिच्यामागे उभा तो मेला दीर! कुणीतरी ओरडलं आणि नळ बंद करावा तसं सगळ्यांचं रडणं थांबलं. तेव्हा कुठे मला कॅमेरा दिसला.

कॅमेऱ्यामागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत कॉफी पीत बसली होती माझी शेजारीण. जिवंत! चांगली धडधाकट जिवंत! मी आधी तिच्या दंडावर एक फटका हाणला आणि मग तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. ती आधी खो खो हसली, मग माझे डोळे बघून माझी पाठ थोपटायला लागली.

माझी सून शोधत खाली आली, तिनं चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मालिकेत कधी न दिसलेली एक आजी मरते, तिच्या फोटोसाठी चेहरा हवा होता. जिवंतपणी असा फोटो लावून घ्यायला कोण तयार होणार? हिनं दिला बिनधास्त, अपशकुन टळावा म्हणून इथल्या रीतीप्रमाणे पैसे घातलेलं तांबडं पाकीट घेतलं, आणि मधले दिवस होती लेकीकडेच.

मयताला नेलेलं अन्न घरी परत आणायचं नसतं. आता कसलं मयत, पण माझा धीर होईना. तिथेच सगळ्यांना वाढलं. शेजारणीनं स्वतःच्याच फोटोखाली बसून पातेलं पुसून खाल्लं. दिरालाही वाढलं, नाइलाजानं.

पुढे तो भाग लागला तेव्हा आम्ही दोघी तिच्याच सोफ्यावर होतो. पडद्यावर तिचा फोटो आला, रडणं सुरू झालं, आणि ती बोट दाखवून खिदळायला लागली. खोटं आहे, मला माहीत होतं. तरी तो प्रसंग संपेपर्यंत मी तिचा हात घट्ट धरून ठेवला.