आक्काच्या हातची बिडी

"पाणी हलकं शिंपडा वो. पान भिजावं, बुडू नये."

शनिवारी संध्याकाळी माझी बायको मला हे बोलली. दर शनिवारी हेच बोलायची. रविवारी ती बिडीच्या कामाला हात लावायची नाही, म्हणून सोमवारची पानं शनिवारीच भिजवायची. मी पाणी शिंपडायचो, ती पानं ओल्या गोणपाटात गुंडाळायची, आणि दोघं मिळून ते कोपऱ्यात सरकवायचो.

रविवारी चर्चला जायच्या वेळेला मी चहा ठेवून हाका मारल्या. ती उठली नाही.

निपाणीत तेव्हा, म्हणजे ऐंशी सालच्या आसपास, आमच्या गल्लीत घरोघरी बाईच्या मांडीवर बिड्या वळायचं सूप असायचं. पण हिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. तुम्ही तिची बिडी बघितली असती तर साच्यातून काढली म्हणाला असता. कारखान्यातला तपासणारा तिच्या बिड्यांचे कट्टे उलटूनसुद्धा बघायचा नाही.

एकदा चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, देवानं कुणाला काय दान दिलंय? कुणी म्हणालं गाणं, कुणी म्हणालं आजाऱ्यासाठी प्रार्थना. ही उठून म्हणाली, "मला बिड्या वळाया येत्यात."

लोक हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला तिची लाज वाटली. पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मग त्यानं कुणाचं भलं होतंय का बघा, बाई."

तिनं बघितलं. शेजारची आक्का विधवा, पोटी कुणी नाही, आणि हात थरथरायला लागलेले. बिड्या गेल्या नाहीत तर कारखान्यातलं कामाचं कार्ड रद्द होणार. मग खायचं काय? हिनं आक्काच्या बिड्या वळायला सुरुवात केली.

पहिल्याच आठवड्यात आक्का रडत आली. तपासणाऱ्यानं कट्टा परत केला होता. म्हणाला होता, "आक्का, ह्या तुझ्या न्हाईत. तुझी बिडी पोटात फुगीर असती. कुणाच्या आणल्यास? परत असं झालं तर कार्ड जाईल."

हिनं आक्काची एक जुनी बिडी मागून घेतली, उलगडली, निरखली आणि तशीच फुगीर वळायला लागली.

मी म्हटलं, "अगं, देवानं एवढा चांगला हात दिला, आन् तू वाकडं वळतीस?"

"हात मिरवाया दिलाय व्हय?"

"आन् हे खोटं न्हाय?"

तिनं हातातल्या बिडीला दोरा बांधला. "ते देवाला इचारलंय मी. अजून काय बोलला न्हाय. तवर वळते."

सात वर्षं वळल्या. स्वतःच्या सरळ, आक्काच्या फुगीर, एकदाही मिसळ झाली नाही. आक्का शेजारी बसून गल्लीच्या बातम्या सांगायची, आणि ही हसता हसता दोरा बांधायची.

रविवारी संध्याकाळी तिला माती दिली.

सोमवारी सकाळी आक्का दारात उभी. पदराच्या गाठीत कार्ड. म्हणाली, "अण्णा, हे देऊन येते कारखान्यात. लई ओढलं तिनं माझ्यासाठी."

"बस खाली," मी म्हणालो. मला गोड बोलायला कधी जमलंच नाही.

गोणपाट सोडलं. पानं वाळली नव्हती, बुडालीही नव्हती. लहानपणी आईजवळ बसून चार बिड्या वळल्या होत्या, पण नंतर जन्मभर तंबाखूची पोती उचलून बोटं जाड झालेली. पहिली बिडी सुटली. दुसरी फाटली. तिसरी टिकली, पण पोटात ही एवढी फुगलेली. मी ती लपवायला लागलो, तर आक्कानं थरथरत्या हातानं ओढून घेतली. उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिली, आणि डोळे पुसता पुसता हसली.

"अण्णा, ही तर माझीच की रं."

मी हिचं सूप मांडीवर नीट घेतलं आणि पुढचं पान कापलं.