राजारामचा रुमाल

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची, ही विद्या राजाराम घाडी सहाव्या वर्षी परळ डेपोत शिकला. बाप गिरणीत, गाव कणकवलीकडे आणि मे महिन्यात गाडीला ही गर्दी. गाडी थांबायच्या आत रुमाल आत गेला की सीट घाडींची. कुणी त्यावर बसलाच तर त्याला उठवायला राजारामची आई होती.

आज राजाराम त्रेपन्न वर्षांचा आहे, घाटकोपरच्या एका लॅबचा सर्व्हर सांभाळतो आणि अजून रुमालच टाकतो. रक्त-लघवी तपासायची लॅब ती. सर्व्हर जुना, युनिक्स नावाच्या सिस्टिमवर चालणारा, डिस्क एवढीशी. नवी घ्या म्हटलं की मालकीणबाई, डॉक्टर मृणालिनी मॅडम, म्हणायच्या, "चालतंय ना अजून?" मग राजारामने त्याच डिस्कच्या तीन खोल्या पाडल्या. एक सिस्टिमची, एक रिपोर्टांची, एक कर्मचाऱ्यांच्या फायलींची. या खोल्यांना साहेबी भाषेत पार्टिशन म्हणतात. मध्ये पक्की भिंत असते. एका खोलीत माणसं गुदमरली तरी शेजारची रिकामी जागा तिला मिळत नाही.

म्हणून रिपोर्टांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीत त्याने एकेक भलीमोठी फाइल टाकून ठेवली होती. नाव रुमाल. खोली गच्च भरली की रुमाल उचलायचा, म्हणजे डिलीट करायचा. तीस-चाळीस जीबी मोकळे. मग सावकाश कचरा काढायचा आणि रुमाल परत टाकायचा. युक्ती झकासच आहे, शहाणी माणसं करतात. फक्त शहाण्यांच्या रुमालात काही नसतं.

आपला माणूस पडला दिंडोशीचा. सव्वादोनशे फुटांची खोली आणि तिची मालकीण कमल. कमलच्या घरात पातेल्यात पातेलं, त्यात डबा, डब्यात वाटी आणि वाटीत लवंगा. रिकामी बॅग दिसली की तिच्यात गोधड्या. पंचवीस वर्षं असं राहिल्यावर राजारामला तीस जीबीची पोकळ फाइल बघवेना. एवढी जागा नुसती अडवून ठेवायची? पाप लागेल. मग एका रुमालाच्या नावाखाली त्याने स्वतः गायलेली भजनं ठेवली, चार वर्षं मोबाइलवर रेकॉर्ड केलेली. दुसऱ्या, म्हणजे रिपोर्टांच्या खोलीतल्या रुमालाच्या नावाखाली ठेवला लग्नाचा व्हिडिओ. एवढ्यावर थांबला असता तर ठीक. गेल्या दिवाळीत माळा आवरताना, कॉपी आहे ना, म्हणत लग्नाची मूळ कॅसेटही भंगारात दिली.

"नक्की आसा मां?" कमलने विचारलं होतं.

"अगो, बँकेच्या लॉकरात ठेवल्यासारखी आसा."

कमल उगाच विचारत नव्हती. त्या व्हिडिओत अकरा सेकंद तिचे वडील आहेत. मांडवाच्या खांबाआड उभं राहून पंचाने डोळे पुसतायत. कॅमेरा दिसल्यावर ओशाळून हसतात आणि पंचा खांद्यावर टाकतात. पुढच्याच वर्षी ते गेले. हलताबोलता असा त्यांचा दुसरा तुकडा जगात नाही. येत्या रविवारी लग्नाला पंचवीस वर्षं होणार, तेव्हा तिचे दोन्ही भाऊ तेवढ्यासाठीच यायचे होते.

शुक्रवारी अकरा वाजता रिपोर्टांची खोली भरली. एकही रिपोर्ट सेव्ह होईना. बाहेर बावीस माणसं बसलेली, त्यातली निम्मी उपाशीपोटी, आणि उपाशी मुंबईकरापुढे कोण उभा राहणार? मॅडम धावत आल्या. राजारामने कॉलर सारखी केली. "दोन मिनिटं, मॅडम." रुमाल उचलायची कमांड टाइप केली आणि ठोकलं एंटर. हाताला सवय झालेली, तो डोक्याची वाट बघत नाही.

डोकं मागाहून आलं. रुमालात काय होतं ते आठवलं आणि राजारामचे कान गरम झाले. त्यात डिस्क बघतो तर अजून शंभर टक्के भरलेलीच. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं. व्हिडिओ गेला तर गेला, मेली जागा का नाही झाली?

पाच मिनिटं डोकं खाजवल्यावर त्याला युनिक्सची रीत आठवली. तिथे फाइल डिलीट केली की नुसतं यादीतून नाव कापलं जातं. कुणी ती उघडून बसलं असेल तर ते उठेपर्यंत फाइल आत जिवंत असते. सोसायटीच्या पाटीवरून नाव पुसलं म्हणून भाडेकरू थोडाच खोली सोडतो? म्हणजे कुणीतरी व्हिडिओ उघडून बसलं होतं. त्याने शोधलं तर रिसेप्शनचा कॉम्प्युटर निघाला.

रिसेप्शनला श्रुतिका होती, चोवीस वर्षांची, लॅबमधली सगळ्यात चुणचुणीत पोरगी. तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात मुंडावळ्या बांधलेली कमल थांबून राहिली होती.

"सर, सॉरी हां," ती म्हणाली. "चहाच्या वेळी थोडं थोडं बघतो आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

म्हणजे सगळी लॅब. एवढी मोठी फाइल कसली म्हणून तिने वर्षापूर्वी उघडली होती, तेव्हापासून हप्त्याहप्त्याने चाललेलं. "ते रुसलेले मामा शेवटी जेवले का हो, सर?"

"जेवले. तू माउसला हात लावू नको. शिंक आली तरी तिकडे तोंड करून दे."

आणि तेवढ्यात आतून मॅडमचा आवाज. "मी रिस्टार्ट करते रे. माझ्या लॅपटॉपला तेच लागतं."

रिस्टार्ट म्हणजे भाडेकरूसकट चाळ जमीनदोस्त. राजाराम असा धावला की चप्पल रिसेप्शनलाच राहिली. सर्व्हरच्या कपाटाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा. अकरा वर्षांत मॅडमना त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं.

"मॅडम, नको. आत माझे सासरे आहेत."

मॅडम डॉक्टर असल्यामुळे त्यांनी आधी त्याची नाडी बघितली. मग त्याने सगळं सांगितलं आणि त्या मुकाट्याने स्टुलावर बसल्या.

आता उघड्या फाइलीतून व्हिडिओ उपसून दुसऱ्या खोलीत न्यायचा, तर तिथे जागा नऊ जीबी. पण तिथेही रुमाल होताच. राजाराम एक क्षण थांबला. चार वर्षांची भजनं, माणसाचा जीव अडकतोच. मग उचलला रुमाल. ही जागा मात्र तिथल्या तिथे मोकळी झाली, कारण हा कुणीच उघडून बसलं नव्हतं.

कॉपी व्हायला आठ मिनिटं लागली. तेवढा वेळ श्रुतिका माउसवर ओंजळ धरून बसली आणि एक मधुमेहाचे आजोबा, हकिकत कळल्यावर, काठी आडवी धरून तिच्या टेबलापाशी पहाऱ्याला उभे राहिले. कॉपी झाली. राजारामने ती दोनदा चालवून बघितली, अकरा सेकंदांसकट. मग श्रुतिकाने स्क्रीनवरचा व्हिडिओ बंद केला, जागा मोकळी झाली आणि प्रिंटर सुरू झाला.

शनिवारी त्याने स्वतःच्या पैशांनी हार्डडिस्क आणली. रविवारी भाऊ आले, श्रुतिकाही आली, तिला मामा बघायचे होते. टीव्हीवर वडील आले तशी कमल उठून टीव्हीला अगदी चिकटून उभी राहिली. हसताना बघितलं, पंचा खांद्यावर टाकताना बघितलं.

"परत लावा," ती म्हणाली. तिने सात वेळा लावायला सांगितलं.

पाहुणे गेल्यावर राजारामने शुक्रवारची गोष्ट कबूल केली. कमलने पाहुण्यांचे कप गोळा करून मोरीत नेऊन ठेवले. राजारामला वाटलं, आता वाट लागली.

"तुमच्या भजनांचा काय झाला?" तिने विचारलं.

"गेली."

"बरा झाला."

मग तिने फळीवरचा शेंगदाण्यांचा स्टीलचा डबा काढला. शेंगदाणे पिशवीत ओतले, डबा पुसला, हार्डडिस्क रुमालात गुंडाळून आत ठेवली आणि झाकण लावायला घेतलं.

"अगो, बाजूक अजून पाव किलो शेंगदाणे मावतीत," राजाराम म्हणाला.

"मावांदेत," कमल म्हणाली आणि तसंच झाकण लावलं.