करंजीच्या तेलावरची जीप

हेमराजकाकांची जीप येते आहे हे आधी आमच्या नाकाला कळायचं, मग कानाला. मोहाच्या तेलात पुऱ्या तळाव्यात तसा वास, आणि त्याच्या मागून करंजीचा कडवटपणा. वारा आमच्या बाजूचा असला तर गाडी चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळेवर, म्हणजे बांधावर, असतानाच आम्ही फाट्यावर दप्तरं उचलायचो. पोरं तिला भज्यांची गाडी म्हणत. गाडी काकांची, स्टिअरिंगवर काका. पण ती चालायची फुलवंताकाकीच्या जिवावर.

काकीचं माहेर जंगलाच्या आतलं. मोह वेचणं, तेंदूपत्ता तोडणं, करंजीच्या शेंगा फोडून तेल काढणं हे सगळं तिनं आईच्या मागे फिरत फिरत शिकलेलं. लग्न होऊन ती आमच्या गावात, शेजारच्याच घरात आली. घरी थोडी धानाची जमीन आणि काकांनी लिलावात घेतलेली एक जुनी डिझेल जीप. त्या जीपमधून काका तालुक्याच्या तिरोड्यापर्यंत सवाऱ्या न्यायचे. बाजाराच्या दिवशी टपावर कोंबड्या, आत माणसं आणि मागे लटकलेली आम्ही पोरं.

मी प्राथमिक शाळेत असताना रतनजोतीचं वारं आलं. एका कंपनीची माणसं गावात आली. त्यांनी शाळेच्या भिंतीवर सिनेमासारखं चित्र दाखवलं: हिरवं रान आणि त्यातून पळणारी मोटार. रतनजोतीच्या बियांपासून गाड्यांचं तेल होतं म्हणाले. पाणी लागत नाही, ढोर तोंड लावत नाही, पडीक जागेत येते, आणि बी आम्ही तुमच्या दारातून उचलू. काकी तेव्हा बचत गटाची अध्यक्ष होती. तिला ते पटलं. ज्या घरात गाडीच्या डिझेलची रोज कटकट, तिथल्या बाईला नाही पटणार तर कोणाला? ती घरोघर फिरली. बायकांनी धानाच्या बांधांवरची तूर काढली आणि रोपं लावली. गटातल्या शामकलाबाईंनी तर तुरीचं एक झाड ठेवलं नाही.

झाडांना बी धरलं तोवर कंपनीचा फोन बंद झाला होता. काकी दोनदा गोंदियाला जाऊन आली. ज्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं तिथे मोबाईलचं दुकान लागलं होतं. घराघरांत पोती भरून बी पडलं. ते माणसाला खाता येत नाही, जनावराला घालता येत नाही, विषारी. शामकलाबाईंच्या नातवानं चार बिया खाल्ल्या आणि दिवसभर ओकत राहिला. पोरगा बरा झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शामकलाबाई डोक्यावर पोतं घेऊन काकीच्या अंगणात आल्या आणि त्यांनी ते तिथेच उपडं केलं.

"हे घे तुही रतनजोत," त्या म्हणाल्या. "माही तूर मले वापस दे."

अंगणभर पांगलेलं बी काकी संध्याकाळपर्यंत वेचत बसली. आई मला म्हणाली होती, तिकडे जाऊ नकोस, तिला वेचू दे. मी कुंपणापलीकडून पाहत होते. काकी रडत नव्हती. एकेक बी उचलून न्याहाळत होती.

त्या आठवड्यात ती एक पोतं घेऊन तिरोड्याला ईश्वरदास तेलवाल्यांकडे गेली. त्यांनी हात जोडले. "बाई, इस मशीन से लोगों के खाने का तेल निकलता है. इसमें ज़हर कैसे डालूँ?" पण माणूस भला. मागच्या शेडमध्ये तेल काढायचं एक जुनं यंत्र गंजत पडलं होतं, ते त्यांनी भंगाराच्या भावात देऊन टाकलं. एकच अट घातली, हे विष परत माझ्या दारात आणायचं नाही.

यंत्र गोठ्यात बसलं. शेतातल्या पंपाच्या इंजिनाचा पट्टा त्याला लागला. पिवळसर, दाट तेल निघालं. काकीनं आधी दिवा लावून पाहिला. मग काकांना म्हणाली, "गाडीले पाजून पाहू."

"माही गाडी का बकरी आहे, काही बी चारायले?"

"बकरी तं हे खातच नाही. गाडी खाते का, ते पाहू."

काकांनी डिझेलमध्ये थोडं तेल मिसळलं. गाडी चालली. मग काकांचाच उत्साह वाढला आणि बाजाराच्या दिवशी त्यांनी टाकीत निम्म्याहून जास्त तेल ओतलं. वडेगावच्या अलीकडे जीपनं दोन आचके दिले आणि ती उभी राहिली. फिल्टरमध्ये चिखलासारखा गाळ बसला होता. सवाऱ्या उतरून, टोपल्या डोक्यावर घेऊन, शिव्या देत बाजाराकडे चालत गेल्या. काका बैलगाडीला जीप बांधून घरी आले आणि बरेच दिवस काकीशी बोलले नाहीत.

तिरोड्याच्या सेवकराम मिस्त्रींनी गाडी खोलली तेव्हा काकी तिथेच बसून होती. मिस्त्रींनी तिला नीट समजावून सांगितलं. तेल वाईट नाही, पण थंड असलं की जाड होतं, पाइपात अडतं. ते गरम करा, गाळा, निवळू द्या. गाडी डिझेलवर चालू करायची, इंजिन तापलं की तेलावर घ्यायची, आणि बंद करायच्या आधी पुन्हा डिझेलवर आणायची म्हणजे पाइप धुऊन निघेल. त्यांनी जीपला दुसरी छोटी टाकी लावून दिली, तिची नळी सायलेन्सरला गुंडाळून आणली आणि काकांच्या गुडघ्यापाशी एक पितळी तोटी बसवली. इकडे फिरवली की डिझेल, तिकडे फिरवली की काकीचं तेल.

काकीनं मग तेल पाण्यासोबत उकळायला घेतलं. ड्रममध्ये निवळत ठेवायची, जुन्या लुगड्याच्या चार घड्यांतून गाळायची. रतनजोत पुरेना तेव्हा तिला माहेरची करंजी आठवली. कालव्याच्या काठानं ही झाडं ओळीनं उभी होती, खाली शेंगांचा सडा. मोहाच्या बिया, ज्यांना आम्ही टोरी म्हणतो, त्याही त्यात आल्या. तो पुऱ्यांचा वास तिथून सुरू झाला.

एका बाजाराच्या दिवशी शामकलाबाई फाट्यावर उभ्या होत्या. काकांनी गाडी थांबवली, पण त्या चढेनात. काकीकडे पाहेनात. काकी पुढच्या सीटवर होती. ती खाली उतरली.

"चढ ना. काऊन उभी राहिली?"

"चिल्लर नाही माह्यापाशी."

"शामकला, तुही रतनजोत गाडीच्या पोटात आहे. तुहं भाडं देऊन झालं. बस."

शामकलाबाई बसल्या. तिरोडा येईपर्यंत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. परतीला मात्र शामकलाबाईंनी बाजारातून घेतलेले फुटाणे काकीच्या ओंजळीत ओतले.

तेव्हापासून रीतच पडली. ज्या बायांकडे पैसे नसत त्या बी आणत. पायलीभर करंजी दिली की तिरोड्याला जाऊन या. ड्रायव्हरच्या सीटमागे एक मोठी टोपली असायची, तिच्यात ज्यानं त्यानं आपलं माप ओतायचं. कंपनीचा खरेदीदार आला नाही, तर काकीनं आपल्याच जीपला खरेदीदार केलं. दवाखान्याला, बाजाराला, माहेराला, बाया शेंगा वेचून जाऊ लागल्या. घरच्या पुरुषाकडे भाड्याचे पैसे मागायचं काम उरलं नाही. आमच्या आईचं म्हणणं असं, की तिचा निम्मा तिरोडा करंजीवर झाला.

माझी बारावीची परीक्षा सुरू झाली तेव्हाच पेट्रोल-डिझेलच्या टँकरवाल्यांचा संप झाला. पंपांवर दोऱ्या बांधल्या गेल्या. बाबांची मोटारसायकल उभी, आमच्या बाजूला येणारी एकुलती एस.टी. बंद. काकांच्या जीपला तेल होतं, पण चालू करायला लागणारं डिझेल संपलं होतं. काका रिकामा डबा घेऊन तिरोड्यापर्यंत सायकलनं जाऊन आले. "डीज़ल नहीं है भैया, टैंकर आएगा तब आना," एवढंच ऐकून आले. दुसऱ्या दिवशी फिजिक्सचा पेपर, केंद्र तिरोड्याला. मी घरी पुस्तक उघडं टाकून रडत बसले होते, तर काकी दारात.

"कायले रडून राहिली? उद्या सकारी पाळेवर या सगळे. जेवून या, ढकला लागन."

तिनं गावातल्या पुरुषांकरवी जीप संध्याकाळीच पाळेच्या उतारावर नेऊन ठेवली होती. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा तलावावर धुकं होतं आणि थंडी चांगलीच होती. तेल तुपासारखं बसलं होतं. काकीनं पाळेवरच तीन दगडांची चूल मांडून जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, तेल तापत ठेवलं होतं. दुसऱ्या चुलीवर पाणी. मिस्त्रींचं बोलणं तिच्या डोक्यात होतं: तेल थंड असलं की अडतं. मग थंड राहूच द्यायचं नाही. तिनं उकळतं पाणी इंजिनवरच्या नळ्यांवर ओतलं, काकांनी टाकीत गरम तेल ओतलं, तोटी फिरवली आणि ओरडले, "ढकला!"

आम्ही ढकललं. पोरं, पोरी, शामकलाबाई, सगळ्यांनी. जीप खोकली आणि गप्प झाली. पुन्हा गंज आला, पुन्हा पाणी. काकीचे हात तेलानं माखलेले, पदर कमरेला खोचलेला. दुसऱ्या खेपेला पांढरा धूर निघाला आणि विझला. उतार थोडाच उरला होता. काकी इंजिनपाशी वाकून नळीला हात लावत म्हणाली, "आता गरम झाली. आता मारा." आम्ही सगळे एका दमात भिडलो. गाडीनं भडाभडा आवाज केला आणि अंगातला सगळा धूर आमच्या तोंडावर सोडून ती सुरू झाली.

"बसा! बसा लवकर! थांबवता येणार नाही!" काका ओरडत होते. आम्ही धावत धावत चढलो. माझी एक चप्पल पाळेवर राहिली. मागे काकी धुरात उभी होती, दोन्ही हात वर करून, "पेपर नीट वाचून लिहा गं!" म्हणत.

वाटेत अडकलेली आणखी पोरं काकांनी घेतली. केंद्रावर पोचलो तेव्हा जीपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी बंद केली तर पुन्हा चालू होणार नाही म्हणून काका पेपरभर इंजिन सुरू ठेवून फाटकाबाहेर बसून राहिले. खिडकीतून पुऱ्यांचा वास वर्गात यायला लागला. आमच्या पर्यवेक्षक मॅडमनी शेवटी विचारलंच, "बाहर कौन भजिया तल रहा है?" आमच्या बाजूची पोरं हसली. मी एका पायात चप्पल घालून गणितं सोडवत होते, आणि मला त्या वासानं फार बरं वाटलं होतं. संप मिटेपर्यंत काकी रोज सकाळी चूल पेटवत राहिली. आमच्या गावांतल्या एकाही पोराचा पेपर बुडला नाही.

त्यानंतर मी शिकायला गोंदियाला गेले. सुटीत आले की फाट्यावर उतरून वाट पाहायची, तर कधी वास यायचा, कधी नाही. रस्ता डांबरी झाला, घरोघर मोटारसायकली आल्या. करंजीच्या बीला फवारणीच्या औषधासाठी बाजारात चांगला भाव मिळू लागला, तशी बाया टोपलीत बी ओतायच्या ऐवजी व्यापाऱ्याला विकून रोख भाडं देऊ लागल्या. काकीनं त्यांना कधी अडवलं नाही. "बाजार आला ना शेवटी," म्हणायची. जीपच्या फिटनेसची वेळ आली तेव्हा तपासणाऱ्या साहेबांनी खाली वाकून पाहिलं आणि काकांना हळूच म्हणाले, "भाऊ, चासीच खाऊन टाकली गंजानं. आता हिला आराम द्या." ते खरंच होतं. ज्या दिवशी भंगारवाले जीप न्यायला आले, त्या दिवशी काकी बाहेर आली नाही. गोठ्यात तेलाचं यंत्र लावून बसली. गाडी ओढून नेल्याचा आवाज त्या घरघरीत तिला ऐकू आला नसावा.

आता मी तिरोड्याच्या शाळेत शिकवते. बॅटरीवरच्या स्कूटरनं येते-जाते. यंदा उन्हाळ्याच्या सुटीत काकीकडे गेले. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं घर मोठ्यानं बोलतं. थोरला मुलगा रोशन तिरोडा स्टेशनवर ई-रिक्षा चालवतो. मुलगी खुशबू सासरहून आलेली होती. काकी ओसरीवर करंजी फोडत बसली होती. व्यापाऱ्याची गाडी संध्याकाळी येणार होती.

काका म्हणाले, "प्राची, पेट्रोलात आता तांदळाचं काही टाकून राहिले म्हणतात. खरं का?"

"खरं आहे काका. इथेनॉल. उसाचं असतं, मक्याचं, तांदळाच्या कणीचंही."

"मंग आमच्या गाडीले काऊन हासत होते लोक?"

"हासत होते, पण बसत बी होते ना," काकी म्हणाली, आणि काकांना ते ऐकू गेलं नाही म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. मग दोघंही हसले.

मी तिला स्कूटरवर कालव्यापर्यंत नेलं. तिला झाडं दाखवायची होती, यंदा शेंगा किती लागल्या ते. उतरल्यावर ती म्हणाली, "वास नाही, आवाज नाही. बरी आहे तुही गाडी. पोरीच्या जातीले बरी." थोडं थांबून, "पण गाडी येऊन राहिली हे मानसाले घरात बसल्या बसल्या कसं कळन?"

एवढं म्हणून ती झाडाखाली वाकून शेंगा ओच्यात गोळा करायला लागली. मीही ओढणी पसरली. ऊन चढेपर्यंत आम्ही वेचत होतो. मध्येच तिनं कोण कुठे सासरी आहे, शामकलाबाईंचा तो ओकलेला नातू आता पोलिसात कसा लागला, हे सांगितलं. घरी आलो तर खुशबूनं भात-वरण करून ठेवलं होतं, आणि मला जेवल्याशिवाय कोणी निघू दिलं नाही.