उजवं पान

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी सांगलीत, घरी, दाढी करत होतो. वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "सर, ह्यांनी लय घाई केली बगा..." मला गुडघ्याचं निमित्त मिळालं आणि मी मातीला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन. "ह्यांच्या त्या वह्या हाईत, ट्रंकभर. तुमच्याकडं लावून देऊ का?" ती हिरवी लष्करी ट्रंक आमच्या हॉलमध्ये येऊन बसलेली मला डोळ्यांपुढे दिसली. मी म्हणालो, "इथे जागा नाही हो. धर्माचंच लिहिलंय ना, पोथ्याच समजा. तुम्हाला योग्य वाटेल ते करा." या वाक्याची मला आज किळस येते.

जयवंतअण्णा इस्लामपूरजवळच्या एका गावचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शांतिसेनेबरोबर परदेशी असताना एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना एका हंगेरियन रब्बीचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूचं, लेखन इंग्रजीत सापडलं. द्राक्षमळ्यांच्या लहानशा गावातला हा माणूस. लोक पत्रं लिहून त्याला घरच्या, धंद्याच्या, धर्माच्या अडचणी विचारायचे आणि तो जन्मभर उत्तरं लिहीत राहिला. शेवटी गावासकट त्याला रेल्वेच्या डब्यात कोंबून छळछावणीत नेलं, तो परतला नाही. त्याच्या उत्तरांच्या नकला एका शिष्याने आधीच देशाबाहेर नेल्या होत्या म्हणून वाचल्या. उसाला पाणी पाजून झालं की अण्णा हे सगळं मराठीत उतरवायला बसत. गावात लोक विचारत, "रब्बी झाला, आता खरीप कवा, सुभेदार?" मीही त्यावर हसलो आहे.

अण्णांना त्याची एक रीत फार आवडायची. निकाल देण्याआधी तो विरुद्ध बाजू पूर्ण मांडायचा, त्या बाजूच्या माणसालाही जमली नसती इतकी नीट. "कोर्ट मार्शलला असा मानूस पायजे हुता, सर," ते म्हणायचे. म्हणून वहीत डाव्या पानावर भाषांतर आणि उजवं पान कोरं. ते माझं. मी इतिहासाचा प्राध्यापक, तेव्हा शंका काढायच्या, भांडायचं, असा त्यांचा हुकूम. पहिली वही त्यांनी एसटीने येऊन माझ्या हातात दिली, त्याला दोन वर्षं झाली. मी दोन पानं चाळली आणि भाषा प्रमाण करा म्हणालो, तुमचा रब्बी आपल्या वाळवा तालुक्यातला वाटतो. ते शांतपणे म्हणाले, "त्यो बी गावातल्याच मानसांशी बोलत हुता." पुढे भेटले की विचारायचे. मी सांगायचो, वाचली, छान जमलंय. "छान नको, सर. उजवं पान भरा."

तीन आठवड्यांनी गावच्या शाळेत शोकसभा झाली. खरिपाचा विनोद ज्याने काढला तोच पुढारी पहिल्या रांगेत. माझ्या कानाशी लागून त्याने विचारलं, "हंगेरी कुठंशी आलं?" आणि पाच मिनिटांनी माइकवर अण्णांचं नाव हंगेरीपर्यंत पोचवून आला. मला त्याची शिसारी आली. मग मी उठलो. वीस मिनिटं बोललो... हा ठेवा छापला गेला पाहिजे, विद्यापीठांनी दखल घेतली पाहिजे, वगैरे. टाळ्या बऱ्या पडल्या.

चहाच्या वेळी वहिनी जवळ आल्या. "सर, छापायच्या हुत्या व्हय? वह्या तर आमी रक्षेबरोबर कृष्णेत सोडल्या की. तुमी पोथ्या समजा म्हनला, म्हनून पोरींनी हळदकुंकू वाहून एकेक सोडली. लवकर बुडत न्हवत्या." आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता. आमच्याकडे पोथी वाचणारं कुणी उरलं नाही तर ती रद्दीत घालत नाहीत, नदीला देतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी कप खाली ठेवला आणि गाडी मागवली.

पहिली वही मात्र माझ्या कपाटात होती, शब्दकोशाखाली. ती आता वाचली. तिसऱ्या पत्रात एक विधवा विचारते, नवऱ्याची जुनी प्रार्थनेची पुस्तकं उंदरांनी कुरतडली आहेत, काय करू. त्यांच्यात अशी पुस्तकं माणसासारखी पुरतात. अण्णांच्या भाषेत रब्बी तिला सांगतो, "जी वाचून झिजली ती पुर, बाई. पर जी कुनी उघडलीच न्हाई ती आजून मेली न्हाई. ती आदी वाच." खाली पेन्सिलीने अण्णांनी लिहिलं आहे, "सर, आपल्यात पोथी गंगेला देत्यात. न वाचता दिली तर? उजवीकडं लिवा."

दोन वर्षं ते या उत्तराची वाट बघत होते, आणि मी छान, छान म्हणत होतो. काल पेन घेऊन बसलो. रब्बीच्या रीतीने आधी विरुद्ध बाजू, म्हणजे माझीच, मांडायला घेतली. गुडघा दुखत होता. घरात जागा नव्हती. त्याखाली उजवं पान कोरं आहे.